आग न लागल्याचा दाखला

गेल्या मे महिन्यात भय्याजींच्या भांडी कारखान्याला आग लागली नाही. या घटनेची रीतसर नोंद झाली असून तिच्या तीन प्रती आहेत. मी त्या कारखान्यात कारकून आहे, त्यामुळे तिन्ही प्रतींवरचं अक्षर माझंच आहे.

भंडाऱ्याबाहेरच्या आमच्या या कारखान्यात पाणी भरायचे पितळेचे गुंड, गंज आणि घागरी बनतात. ठोकून-घासून झालेल्या गुंडावर तेल आणि पॉलिशचं मेण राहतं, आणि ते निघाल्याशिवाय वरचा चमकीचा लेप बसत नाही. पूर्वी हे धुण्याचं काम रॉकेलनं व्हायचं. एकदा त्या रॉकेलनं पेट घेतला. पॅकिंगच्या तणसाचा ढीग, एक स्टूल आणि माझ्या शिल्लक रजेची फाईल जळून खाक झाली. माणसं वेळेत पळाली. लगेच जिल्ह्याच्या ज्वलन प्रतिबंध कक्षानं हुकूम काढला की यापुढे न पेटणारं द्रव्यच वापरावं.

त्याप्रमाणे निळी पिपं आली. पिपावरचं नाव इतकं लांब होतं की कामगारांनी त्याचं बारसं 'बिनआगीचं पानी' असं केलं. आमचे सुरक्षा अधिकारी वीरेंद्र साहेब हे भय्याजींचे साडू. रॉकेलच्या आगीत सर्वांत आधी तेच बाहेर पळाले होते, म्हणून सुरक्षेची जाण त्यांनाच, असं भय्याजींचं मत आहे. साहेबांनी वाटीत ते पाणी ओतलं आणि पेटती काडी टाकली. काडी चुर्र करून विझली. टाळ्या पडल्या.

"झालं! सुरक्षित!" साहेब म्हणाले.

तेव्हापासून काडी हा आमच्याकडचा विधीच झाला. कोणीही पाहुणा आला की आधी चहा, मग काडी. पिपांसोबत सोळा पानांचं एक इंग्रजी माहितीपत्रकही आलं होतं. त्याच्या पहिल्या पानावर 'पेटत नाही' असं मला दिसलं, तेवढं वाचून मी ते फाईलला लावलं.

गुंड बुडवायचं काम सेवकरामकडे होतं. मूळचा आंबागडचा, वीस वर्षांचा जुना कामगार, आणि स्वभावानं एवढा गंभीर की बोनस मिळाला तरी मयतीला आल्यासारखा उभा राहायचा. तीन पायऱ्या उतरून जी खालची खोली आहे तिथल्या हौदात तो कोपरापर्यंत हात घालून गुंड बुडवी. नवं पाणी आल्याच्या तिसऱ्या दिवशी सेवकराम हसत हसत वर आला.

"बाबू, गुंड माह्याकडं पाहून हासून राहिला जी," तो मला म्हणाला आणि भिंतीला धरून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको सत्यभामाबाई कारखान्यात हजर झाली.

"मी तोंड हुंगलं त्याहिचं. मोहाच्या दारूचा वास नाई. मंग मानूस न पेता कायले झुलते जी?"

"बाई, ते द्रव्य पेटतं का?" वीरेंद्र साहेबांनी विचारलं.

"मले काय मालूम?"

"नाही पेटत. मग झुलू द्या ना."

"डोकं दुखते त्याहिचं. हात पांढरे पडले. अन् काल जेवता जेवता मलेच इचारते, माहं नाव काय म्हून. आता मी कशी सांगू? आमच्यात बायको नाव घेते का नवऱ्याचं?"

तक्रार आली म्हटल्यावर नमुना भरणं भाग होतं. मी ज्वलन प्रतिबंध कक्षाचा नमुना क्रमांक सात काढला. त्यात तीन प्रश्न आहेत. कर्मचारी पेटला काय? अंशतः पेटला काय? पेटण्याच्या बेतात होता काय? तिन्हीपुढे मी 'नाही' लिहिलं. 'इतर' असा एक रकाना पूर्वी होता, पण लोक त्यात लिहायला लागले म्हणून तो काढून टाकण्यात आला.

"कागद राहू द्या," बाई म्हणाली. "एक पंखा लावून द्या. वर नाई, खाली, जमिनीपाशी. तो वास वर नाई जात, पायापाशीच बसून राहते. मांजर गेली होती तिथं, ते पायरीवरच आडवी झाली."

ही मागणी मी लिहून घेतली, आणि ती लेखी झाल्यामुळे वीरेंद्र साहेबांना नियमपुस्तिका उघडावी लागली. पुस्तिकेप्रमाणे आगीला इंधन, ठिणगी आणि हवा अशा तीन गोष्टी लागतात. आमचं इंधन पेटत नव्हतं. बिडीला बंदी होती, आणि पाहुण्यांच्या काड्या सरकारी कामात मोडत होत्या. राहता राहिली हवा. अशा रीतीनं कारखान्यातली सर्वांत संशयित वस्तू हवा ठरली. मागितलेला पंखा मिळाला नाही. होता तोही काढला, खालच्या खोलीची एकुलती एक खिडकी खिळे ठोकून बंद केली आणि दारावर पाटी लागली: 'या खोलीत हवा आणण्यास सक्त मनाई आहे.'

मग उन्हानं डोकं वर काढलं. पारा शेहेचाळीसवर. वर पत्र्याखाली माणूस पापडासारखा भाजून निघे आणि खालची खोली मात्र थंडगार, कारण ते पाणी उडताना गारवा धरायचं. आधी पॅकिंगवाले दुपारी तिथं लवंडू लागले, मग गोदामवाले. मीही टिफिन घेऊन खाली जायला लागलो. खोटं कशाला बोलू, फार मजा यायची. तोंडात गोडसर चव यायची आणि भेंडीची भाजी पाहूनसुद्धा हसू फुटायचं. वर आल्यावर डोकं ठणकायचं, म्हणून आम्ही पुन्हा खाली जायचो.

एका दुपारी भय्याजींनी तो हास्यकल्लोळ ऐकला. तीस वर्षांत त्यांच्या कारखान्यात कोणी हसलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी कक्षाच्या 'आनंदी व अग्निमुक्त कारखाना' स्पर्धेत नाव दिलं. सोबत सेवकरामचा फोटो जोडला. डोळे अर्धे मिटलेले, मान कललेली. खाली ओळ: 'समाधानी कर्मचारी'.

पाहणीला कक्षाच्या दामिनी मॅडम दोन सदस्य घेऊन आल्या. एवढ्या उन्हात पाहुण्यांना बसवायचं कुठं? भय्याजींनी सर्वांत थंड खोलीत खुर्च्या मांडल्या. हवेच्या नियमाप्रमाणे दार लावून घेतलं. काडी झाली. सेवकराम हौदापाशी गुंड बुडवत होता. मी इतिवृत्त लिहायला घेतलं, ते आजही उपलब्ध आहे.

ठराव एक: खोली छान आहे. ठराव दोन: ठराव एक पुन्हा वाचला असता सर्वांना हसू आले. ठराव तीन: वैनगंगेचे पाणी पेटते काय, असे मॅडमनी विचारले. पेटत नसल्याने वैनगंगा बुडण्यासाठी सुरक्षित जाहीर करण्यात येते. ठराव चार: जिल्ह्यातल्या सर्व फायली याच द्रव्यात बुडवून स्वच्छ कराव्यात. ठराव पाच कागदावरून घसरून टेबलावर गेला आहे.

एवढ्यात सेवकराम खाली बसला, मग फरशीवर आडवा झाला.

"पाहा पाहा," मॅडम हसत म्हणाल्या, "किती निर्धास्त कर्मचारी!"

त्याचे ओठ निळसर पडले होते. ते मला दिसलं, आणि मी हसलो. हे तिन्ही प्रतींत नाही, म्हणून इथं लिहितो.

डबा घेऊन आलेल्या सत्यभामाबाईनं दार ठोठावलं, हाका मारल्या. आतून नुसतं खिदळणं ऐकू आलं. तिनं अंगणातला एक तयार गुंड उचलला आणि खिडकीवर घातला. काच फुटली. मग लाथेनं दाराची कडी तोडून ती आत आली.

"हासता काय! माहा मानूस मरून राहिला अन् तुम्ही हासता!"

तिनं त्याला काखेत हात घालून तीन पायऱ्या ओढत वर नेलं. तिच्यामागून कक्षाचे सदस्य आणि आम्ही रांगत बाहेर पडलो. मोकळ्यावर सेवकरामला ओकारी झाली, डोळे किलकिले झाले आणि तो पुटपुटला, "माहं नाव काय?"

बाईनं पदर कपाळावर ओढला, आमच्याकडे पाठ केली आणि साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल असं ओरडली, "सेवकराम! सेवकराम नाव आहे तुमचं! उठा आता!"

मला तेव्हा रडू आलं. वीरेंद्र साहेब म्हणाले, हवेमुळे होतं तसं.

सेवकराम आठ दिवस दवाखान्यात होता. मी नमुना सात पुन्हा भरला: पेटला नाही, अंशतः पेटला नाही, बेतातही नव्हता. सत्यभामाबाईला नोटीस गेली, की प्रतिबंधित क्षेत्रात विनापरवाना हवा आणल्याबद्दल खुलासा करावा. तिनं खाली एकच शब्द लिहून दिला: 'आनली.' बक्षीस आम्हालाच मिळालं. चौकटीतलं प्रशस्तिपत्र फुटलेल्या काचेच्या जागी अगदी फिट्ट बसलं.

मग मी ती सोळा पानं काढून वाचली. वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते, हे दुसऱ्याच पानावर होतं. गुंगी येते, शुद्ध जाते, यकृत बिघडतं, हातमोजे घाला, खालून हवा खेळती ठेवा, आणि ज्योत जवळ नेऊ नका कारण तिनं वाफेचा विषारी वायू होतो. मी धावत वीरेंद्र साहेबांकडे गेलो.

"हा कागद पेटतो का?" त्यांनी विचारलं.

"कागद आहे, पेटणारच."

"मग ज्वलनशील वस्तू कार्यालयात ठेवलीच कशी?"

पानं बाहेर फेकण्यात आली. सेवकराम काही परत खाली उतरला नाही, बायकोनं उतरू दिलं नाही. त्याच्या जागी चिंधू आला. चिंधू फार हसरा निघाला.

बाईनं खिडकीवर घातलेल्या गुंडाला पोचा आला होता. तो ठोकून सरळ केला, चिंधूनं बुडवला, लेप बसला आणि लग्नसराईच्या मालात तो भंडाऱ्याच्या बाजारात गेला. तुमच्या घरी असेल तर पोटाशी बोट फिरवून पाहा, किंचित खोल लागेल. बाकी लख्ख आहे, त्यात तुमचा चेहरासुद्धा दिसतो. दुकानात तुम्ही तो उलटासुलटा करून पाहिलात आणि एवढंच विचारलंत, "काळा नाही ना पडणार?" दुकानदार नाही म्हणाला. पुढचं काही तुम्ही विचारलं नाहीत.