टेस्ट, लाईन ओके

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्याही मोबाइलवरचं ॲप चालेनासं झालं की परबभावजी तो मोबाइल हातात घेऊन आधी कानाला लावायचे. कुणाचा फोन आलेला नसायचा. तरी डोळे मिटून ते अर्धा मिनिट ऐकायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "टोन नाय."

मोबाइलला जुन्या फोनसारखा डायल टोन नसतो हे त्यांना आपल्याइतकंच ठाऊक होतं. पण टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून उभा जन्म खांबांवर काढलेला माणूस. कुणी हसलं तर म्हणायचे, "डॉक्टर छातीक नळी न लावता गोळी देता काय?"

हे सगळं मी भूतकाळात लिहितेय. भावजी हयात आहेत, तिसऱ्या मजल्यावरच राहतात, सकाळी पेपर आणायला खाली उतरतात. फक्त फोन दुरुस्त करणं त्यांनी सोडलं. ते का सोडलं याचं कारण सगळ्या बिल्डिंगमध्ये एकटीला मला माहीत आहे, कारण ते कारण मीच आहे.

आमची ओळख जुनी. जोगेश्वरीला इथेच आमची चाळ होती, तिथे आमच्या घरी पहिला फोन बसवला तो याच परबांनी. मी तेव्हा पंचविशीची. अक्कल बेताची आणि मिजास फार. मी फोनवर क्रोशाचं झाकण घातलं होतं, रोज संध्याकाळी त्याला उदबत्ती ओवाळायची, आणि साताऱ्याहून सासूबाईंचा ट्रंककॉल आला की डोक्यावर पदर घेऊन बोलायची. तारेतून दिसत नाही हे कळत होतं, पण सासूबाईंच्या बाबतीत कोण धोका पत्करणार? असाच एक कॉल चालू असताना परब वायर तपासायला आले होते. त्यांनी ते ध्यान पाहिलं, बोलले काही नाहीत.

पुढे चाळ पडून बिल्डिंग झाली. बायको गेल्यावर भावजी एकटेच इथे राहायला आले. चाळीसेक वर्षांनी मला दारात पाहून पहिलं वाक्य काय, तर "वयनी, आता घेवा पदर. आता व्हिडिओ कॉलार दिसता."

त्यांच्याकडे एक लांबडी वही होती. तक्रार तोंडी चालायची नाही. आधी नंबर पडायचा, मग नाव, मजला, फॉल्ट आणि शेवटी शेरा. "माझं ॲप उघडत नाही हो," म्हटलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "एकट्याचा की सगळ्यांचा?" मग ते शेजारच्या दोन घरांत जाऊन विचारून यायचे. सगळ्यांचंच बंद असेल तर फॉल्ट कंपनीकडे, आपण चहा प्यायचा. एकट्याचं असेल तर कामाला लागायचं. मोबाइल विमानाच्या खुणेवर टाकून दहापर्यंत मोजायचं. वायफायच्या डब्याची पिन काढून तीसपर्यंत. मोजणी मोठ्याने आणि मालवणीत. मध्ये कुणी बोललं तर पुन्हा एकपासून.

हसू नका, त्यांच्या हाताला यश होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या शिर्केबाईंचं ॲप चार दिवस जोडलं जाईना. पोरांनी ॲप काढून परत टाकलं, तरी नाही. भावजींनी पाहिलं तर मोबाइलवर तारीख गेल्या वर्षीची. ती बरोबर केल्याबरोबर चार दिवसांचे मेसेज धबाधबा पडले. "घड्याळ खोटा बोलता म्हटल्यार ॲप दारात तरी उभा करीत काय?" माझ्या मोबाइलला तर जागाच उरली नव्हती. रोज सकाळी येणारी शुभ सकाळची फुलं मी भक्तिभावाने साठवून ठेवत होते. त्यांनी वहीत शेरा लिहिला, 'पायपात गुलाब अडकले.'

दुरुस्ती झाली की टेस्ट. जुन्या काळी लाईनमन खांबावरूनच एक्स्चेंजला फोन लावून खात्री करायचा, तशी. भावजी तुमच्याच मोबाइलवरून एका पाठ असलेल्या नंबरला एका बोटाने मेसेज टाइप करायचे, 'टेस्ट. लाईन ओके.' मग समोर बसून राहायचे. आधी एक टिक, मग दोन, मग त्या निळ्या. निळ्या झाल्या की त्या नंबरचा वरचा गोल फोटो उघडून मोबाइल नाकाजवळ न्यायचे. आम्ही विचारलं तर म्हणायचे, "फोटो किती टायमात उघडता ता बघूक व्हया." कधी तीन सेकंद, कधी पाच. बघणं मात्र बराच वेळ चालायचं. मग तो सगळा संवाद पुसून मोबाइल परत. "तुमच्या फोनात माझो कचरो नको."

आम्हाला वाटायचं, त्यांचाच दुसरा नंबर असेल, नाहीतर खात्यातला कुणी जुना दोस्त. त्यांना एक मुलगी आहे एवढं माहीत होतं. विचारलं तर म्हणायचे, "लांब आसता. तिकडचो टायम वेगळो."

तीन वर्षांपूर्वी, म्हणजे मी एकाहत्तरची, अगदीच अल्लड वयात होते तेव्हा, माझ्या मोबाइलची टेस्ट चालू असताना खालून गॅसवाल्याने हाक मारली. भावजींचा सिलिंडर आला होता. ते तसेच उठून गेले, पुसायचं राहिलं.

मी फोटो उघडला. तिशीची एक बाई आणि तिला बिलगलेली, दोन वेण्यांची, शाळेच्या गणवेशातली मुलगी.

आता सभ्य बाईने काय करावं? मोबाइल ठेवून द्यावा. मी शिर्केबाईंकडे गेले. दोघींनी चहा पिता पिता फोटो मोठा करून पाहिला, आणि या वयातही भावजींचं बाहेर काहीतरी आहे, या निर्णयाला एकमताने आलो. शिर्केबाई म्हणाल्या, "विचार ना सरळ, घाबरतेस कशाला?" मी कशाला घाबरते. घरी येऊन त्या नंबरला लिहिलं, 'आपण कोण? आमच्या परबभावजींशी आपला काय संबंध?'

उत्तर लगेच आलं. 'मी त्यांची मुलगी. बाबा बरे आहेत ना?'

मी खुर्चीवर बसले. ते बरे आहेत, सिलिंडर घ्यायला गेलेत, असं काहीतरी लिहिलं. तिने विचारलं, गुडघा कसा आहे, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? एवढी माया आहे तर त्यांनाच फोन कर की, असं मी लिहिलं. त्यावर बराच वेळ 'टाइप करत आहे' दिसलं, मग तुकड्यातुकड्यांनी सगळी हकीकत आली.

मुलगा आपल्यातला नाही म्हणून भावजी तिच्या लग्नाला गेले नव्हते. नंतर दोन वर्षं तिने मेसेज केले, फोटो पाठवले, बाळ झाल्याचं कळवलं. भावजी वाचायचे, उत्तर द्यायचे नाहीत. शेवटी तिने त्यांचा नंबर ब्लॉक केला. त्यानंतर काही महिन्यांनी एका अनोळखी नंबरवरून पहिली टेस्ट आली.

'महिन्यातून दोनतीनदा येते,' तिने लिहिलं. 'दर वेळी नंबर वेगळा. लाईन ओके एवढं फक्त बाबाच लिहितात. तुमच्या बिल्डिंगमधले बहुतेक सगळे नंबर आता माझ्याकडे आहेत, काकू. ते मी ब्लॉक केलेले नाहीत.' तिचा फोटो बाबांच्या मोबाइलवर दिसत नाही, म्हणून ती तो महिन्याच्या महिन्याला बदलते, हेही तिने लिहिलं. मी विचारलं, कुठे असतेस बाई? अमेरिका?

'मुलुंडला.'

शेवटी तिने लिहिलं, 'बाबांना यातलं काही सांगू नका, प्लीज.'

हे वाक्य मी चार वेळा वाचलं. म्हणजे नीट वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण माझ्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं सांगू? बाप-लेकीची भेट चालली होती. मुलुंडच्या त्या बैठकीच्या खोलीत सगळे डोळे पुसताहेत, आणि मध्यभागी सोफ्यावर, चांगली साडी नेसून, मी.

पुढच्या आठवड्यात सोसायटीचा सत्यनारायण होता. गच्चीवर सगळी बिल्डिंग जमलेली. भावजी प्रसादाचा शिरा घेऊन खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "भावजी, तुमचा टेस्ट नंबर सापडला बरं का. मुलुंडची लाईन आहे. तिला सगळं माहितीय, कोण पाठवतं, का पाठवतं. आता सरळ फोन करा आणि मिटवून टाका."

शिर्केबाई हसल्या. आणखी दोघं-तिघं, काही न कळताच, हसले.

भावजींनी हातातला द्रोण खुर्चीखाली ठेवला. म्हणाले, "बरा." आणि जिना उतरून गेले. द्रोणातला शिरा तसाच होता.

त्यानंतर कुणी मोबाइल घेऊन गेलं की सांगायचे, "चष्मो बदललो, अक्षरा दिसनत नाय. पोरांका विचारा." मी दोनदा त्यांच्या दारात गेले. एकदा मुगाचे लाडू घेऊन, एकदा नुसतीच. लाडू घेतले. "बसा" म्हणाले नाहीत. माफी मागायचं मी ठरवून गेले होते, पण दारात उभ्याने माफी कशी मागतात ते मला एवढ्या वर्षांत कुणी शिकवलेलं नाही. माफी मागण्यापेक्षा दुसऱ्याचं मिटवून देणं सोपं वाटायचं मला, कायम.

दोन महिन्यांनी मुलीचा मेसेज आला. 'काकू, टेस्ट यायची बंद झाली. बाबा बरे आहेत ना?' मी जे केलं ते खरं खरं लिहून पाठवलं. दोन्ही टिक निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही. महिन्याच्या महिन्याला फोटो मात्र बदलत राहिला. तो बघायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

गेल्या महिन्यात मी मोबाइल विमानाच्या खुणेवर टाकला आणि भावजींच्या दारावर थाप मारली. "भावजी, ॲप चालत नाही. एकटीचंच आहे. पोरं घरात नाहीत." यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं.

ते आमच्या घरी आले, नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि मोबाइल कानाला लावला. डोळे मिटले.

"टोन नाय."

मग त्यांनी पडदा पाहिला. विमान दिसलंच. "वयनी, ह्या आपसूक होणा नाय," एवढंच म्हणाले आणि ते बंद केलं. मेसेज आले, गुलाब आले. मी म्हटलं, चहा टाकते, आणि स्वयंपाकघरात गेले. रिकामी कपबशी तीन वेळा विसळली.

बाहेर आले तर मोबाइल नाकाजवळ होता. फोटो उघडलेला. त्यात आता ती मुलगी एकटीच होती, तोंड भरून हसणारी.

"पुढचो दात पडलो तिचो," भावजी म्हणाले.

माझ्या तोंडात वीस वाक्यं आली. मी चहा पुढे केला.

त्यांनी पूर्ण कप संपवला, मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि गेले. टेस्ट पाठवली का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. दार लागल्यावर मी मोबाइल उचलला. नवीन मेसेज गेलेला नव्हता. पण खाली लिहायच्या जागेत अक्षरं होती, एका बोटाने टाइप केलेली, 'टेस्ट. ला'. तिथेच थांबलेली.

ती अजून तशीच आहेत. रोज सकाळी मी उघडून बघते. त्यांच्या शेजारीच पाठवायचं बटण आहे, माझ्या अंगठ्यापासून दोन बोटांवर. मी त्याला हात लावलेला नाही. आणि आज सकाळी नातीने मोबाइल साफ करून देते म्हणून मागितला, तेव्हा मी तो पदराखाली घेतला.