पाणीबोट क्रमांक चार

आपल्या नौदलात जहाजं किती, असं नौदलातल्या कोणालाही विचारा. तो आधी इकडेतिकडे बघेल आणि मग "बघून सांगतो" म्हणेल. मला विचारा. हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगतो. एकशे सदतीस! प्रत्येकाची लांबी, वजन, वेग, तोफा, सगळं तोंडपाठ. कारण ताफ्याचं माहितीपुस्तक दरवर्षी निघतं, ते मी काढतो. साहेब येतात, साहेब जातात, पुस्तक बावीस वर्षं मीच काढतोय. एका अक्षराची चूक दाखवा, मिशी उतरवून देतो, असं मी ऑफिसात छाती ठोकून म्हणायचो. हल्ली म्हणत नाही.

झालं असं, की सासूबाई गेल्या आणि सासरेबुवा आमच्याकडे राहायला आले. चौतीस वर्षं नौदलात काढलेली, इंजिनवाले. नौदल म्हटलं की लोकांना विनाशिका आणि पाणबुड्या दिसतात. सासरेबुवा होते पाण्याच्या बोटीवर. बंदरात नांगर टाकून उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांना प्यायचं पाणी नेऊन द्यायचं, हे काम. पाण्याचा टँकरच तो, फक्त रस्त्याऐवजी लाटांवरून जाणारा. बोटीला धड नावही नव्हतं. पाणीबोट क्रमांक चार!

पुस्तक छापून आलं की एक प्रत मी घरी आणायचो. सासरेबुवा खिडकीपाशी खुर्ची ओढून भिंग घेऊन बसायचे. पहिल्या पानावरच्या विमानवाहू नौकेपासून शेवटच्या गस्तीनौकेपर्यंत एकेक ओळ बघायचे, पुस्तक मिटायचे आणि "छान छापलंय" म्हणायचे. दोन वर्षं मी या कौतुकानं फुगून होतो. तिसऱ्या वर्षी बायकोनं स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं, "ते कौतुकानं नाही हो बघत. शोधतायत."

त्यांची बोट त्यात सापडणारच नव्हती. आमच्याकडे पाण्याच्या बोटी जहाजांच्या यादीत येत नाहीत, त्या भांडाराच्या यादीत येतात. दोरखंड आणि शिड्या यांच्या मधे! चौतीस वर्षं घासलेल्या माणसाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

यंदा मात्र वेळ आली. सासरेबुवा जुन्या दोस्ताला भेटून आले आणि वाटाणे सोलता सोलता म्हणाले, चार नंबर मी निवृत्त झाल्यापासून बंदच आहे, आता भंगारात काढायचं ठरलंय, पुढच्या महिन्यात तोडणार. बराच वेळ वाटाणे सोलत राहिले. मग वर न बघताच विचारलं, "जावईबापू, तोडलेल्या जहाजांची नावं पुस्तकात राहतात का?"

"आधी पुस्तकात असावी लागतात," मी म्हणालो.

माझी जीभ म्हणजे उघडी गटार आहे. बायकोनं असे डोळे वटारले, की मी सावरायला गेलो आणि नको तिथे पाय टाकला. म्हणालो, "यंदा तुमची बोट पुस्तकात! शब्द दिला!"

सासरेबुवांच्या हातातला वाटाणा घरंगळत टेबलाखाली गेला. तो उचलायला ते वाकले आणि जरा जास्तच वेळ खाली राहिले. आता माघार नव्हती.

योगायोगानं छापखान्यातून फोन आला, की एक जहाज कमी झाल्यामुळे शेवटचं, सेहेचाळिसावं पान कोरं राहतंय, काय घालू? म्हटलं, घालतो मी काहीतरी. त्या संध्याकाळी सासरेबुवांना समोर बसवून एकेक रकाना भरायला घेतला. लांबी बत्तीस मीटर. खलाशी सात. वेग किती विचारलं तर म्हणाले, भरलेली सहा, रिकामी नऊ आणि जेवणाची वेळ झाली की अकरा. मी नऊ लिहिलं. कामगिरीच्या रकान्यात त्यांनी स्वतः सांगितलेलं वाक्य तसंच घेतलं: 'हिच्याशिवाय ताफा समुद्रात फार दिवस टिकू शकत नाही.' खोटं काय त्यात? बावीस वर्षं मी कोणत्या जहाजावर किती तोफा ते घोकत आलो. तोफांमागच्या माणसांना तहान लागत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मग आला शस्त्रांचा रकाना. सासरेबुवांनी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, "लिहा, काही नाही."

आता युद्धनौकांच्या पुस्तकात 'काही नाही' कसं दिसेल? भरल्या पंगतीत रिकामं ताट मांडल्यासारखं! रकाना मोकळा सोडायचा तर नियमात बसत नाही. पाणबुड्यांच्या पानांवर आम्ही जे नेहमी लिहितो, ते हातानं आपोआप लिहिलं: 'माहिती राखीव'.

फोटोही सासरेबुवांनीच दिला. त्यात बोट कमी आणि ते जास्त होते. पुस्तकात माणसांचे फोटो चालत नाहीत म्हणून छापखान्यानं त्यांना कापलं. उरला बोटीचा काळपट पुढचा भाग आणि पाण्याचा जाडजूड नळ, आकाशाकडे तोंड करून उभा.

कच्च्या प्रतीवर वरच्या चार साहेबांच्या सह्या लागतात. चौघांनीही सेहेचाळिसावं पान पाहिलं, भुवया उंचावल्या आणि सही केली. आमच्या खात्यात एखादी गोष्ट न कळणं हा गुन्हा नाही. ती आपल्याला कळली नाही हे दुसऱ्याला कळू देणं, हा गुन्हा आहे.

पुस्तक घरी आलं. सासरेबुवांनी यावेळी पहिल्या पानापासून सुरुवात केली नाही. थेट सेहेचाळीस काढलं. भिंगातून बघितलं, भिंग काढून बघितलं. 'छान छापलंय' वगैरे काही म्हणाले नाहीत. पुस्तक घेऊन आत गेले, आणि बायको मला म्हणाली की आज तुम्ही माणसासारखं वागलात. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली आहेत, एवढं मोठं प्रशस्तिपत्र पहिल्यांदाच मिळालं!

पाचव्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार आतून लावलं. यंदा ताफ्याचं मोठं संचलन होतं. सगळी जहाजं एका रांगेत पुढून जातात आणि राष्ट्रप्रमुख एका बोटीवरून प्रत्येकाला सलाम करतात. त्यासाठी आलेल्या परदेशी पाहुण्यांनाही माझं पुस्तक दिलेलं. त्यातल्या तिघांनी तीन वेगवेगळ्या पत्रांतून एकच विनंती केली होती: सेहेचाळिसाव्या पानावरची नौका जवळून पाहायला मिळेल का?

सुरक्षा विभाग पेटला होता. इतकी गुप्त नौका पुस्तकात आलीच कशी? साहेबांच्या कपाळावर घाम होता. मी म्हटलं, आता सांगून टाकावं, होईल ते होईल. "साहेब, ती बोट म्हणजे खरं तर..."

"थांबा!" साहेबांनी दोन्ही हात वर केले. "मला सांगू नका. एवढं गुप्त ऐकण्याचा माझा दर्जा नाही."

मी त्यांच्या वरच्या साहेबांकडे गेलो. त्यांचाही दर्जा नव्हता. शेवटी मी सगळं खरं खरं दोन पानांत लिहून दिलं. त्या कागदावर 'अतिगोपनीय' असा शिक्का बसला आणि तो न वाचताच तिजोरीत गेला!

वरून हुकूम निघाला. नौका आता जगजाहीर झाली आहे, रांगेत दिसली नाही तर संशय वाढेल. सबब पुस्तकातल्या क्रमानं तिला रांगेत चालवा. शोधाशोध झाली. भांडारपालानं सांगितलं की ती तर भंगाराच्या यादीत आहे. त्यावर साहेब माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "भंगारात लपवली होती! काय डोकं आहे एकेकाचं!" मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

बोटीला करडा रंग दिला. नळावर ताडपत्री घातली, त्यामुळे तो नसेल इतका भयंकर दिसायला लागला. चारही बाजूंना बंदूकधारी पहारा. फक्त एक गोष्ट होईना, इंजिन सुरू होईना. नव्या पोरांनी ते इंजिन कधी बघितलेलंच नव्हतं. मग जुन्या नोंदी काढल्या, शेवटच्या इंजिनवाल्याचा पत्ता काढला, आणि एका सकाळी नौदलाची जीप आमच्याच दारात उभी राहिली.

मला वाटलं, संपलं. मी आत जाऊन दोन शर्ट आणि दाढीचं सामान पिशवीत भरलं. बायको रडवेली होऊन दारात उभी. अधिकारी म्हणाला, "तुम्ही नाही हो. आजोबा कुठे आहेत?"

बोटीचं नाव कानावर पडताच सासरेबुवांनी आत जाऊन जुना निळा डगला चढवला आणि चपला हातात घेऊनच जीपमध्ये बसले. तिथे त्यांच्याकडून बोटीबद्दल चकार शब्द काढणार नाही, अशी सही घेतली. ते बिचारे सांगायला गेले, की अहो ही तर आपली पाण्याची... तेवढ्यात अधिकाऱ्यानं त्यांना गप्प केलं. घरी आल्यावर सासरेबुवांनी दबक्या आवाजात आम्हाला एवढंच सांगितलं, की मी निवृत्त झाल्यावर त्यांनी तिच्यात काहीतरी बसवलेलं दिसतंय. मला विचारू नका, मी सही केलीय.

मी त्यांना खरं सांगणार होतो. अगदी शब्द ओठांवर आले होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि गिळून टाकले.

संचलनाच्या दिवशी बायको आणि मी बंदराच्या भिंतीवर उभे होतो. विमानवाहू नौका गेली, विनाशिका गेल्या, पाणबुड्यांच्या पाठी चमकल्या. माझं पुस्तक माझ्या डोळ्यांसमोर पान पान उलटत होतं. आणि सगळ्यांच्या शेवटी, धुराची शेपटी सोडत, आमची चार नंबर! पाहुण्यांचे कॅमेरे एकदम वर उठले. ती राष्ट्रप्रमुखांच्या बोटीसमोर आली, त्यांनी हात कपाळाला नेला, आणि मोठ्या जहाजांपुढे जेवढा वेळ ठेवला होता तेवढाच ठेवला. बायको माझा दंड घट्ट धरून रडत होती. मीही रडलो, खोटं कशाला बोलू? डेकवर सासरेबुवा दिसतात का म्हणून आम्ही खूप शोधलं. कुठेच दिसले नाहीत.

संध्याकाळी ते तेलानं माखलेले हात घेऊन आले. बायकोनं विचारलं, बाबा, तुम्ही दिसला का नाहीत?

"मी खाली होतो. इंजिनपाशी."

"अहो, वर यायचं ना थोडा वेळ!"

"मग खाली कोण राहणार? घंटा वाजली, हळू केलं. पुन्हा घंटा वाजली, पुढे काढलं. झालं."

मी म्हणालो, "बाबा, राष्ट्रप्रमुखांनी सलाम केला."

"कोणाला?"

"तुमच्या बोटीला. पूर्ण सलाम."

साबणाचे हात तसेच धरून ते नळापाशी उभे राहिले. पाणी वाहत होतं, आणि एक थेंब वाया गेला तरी घर डोक्यावर घेणाऱ्या या माणसानं ते बंद केलं नाही.

"कोणीतरी खाली येऊन सांगायचं," ते म्हणाले. "मी निदान टोपी तरी घातली असती."

यानंतर बोट तोडायचा विषय निघाला. पण तोडण्याआधी पाहणी करावी लागते आणि तिची पाहणी करण्याएवढा दर्जा कोणाचाच निघाला नाही. त्यामुळे तोडणं रद्द. चार नंबर आता तिसऱ्या धक्क्याला पहाऱ्यात उभी आहे. मी एक शब्द बोललो तर हा पहारा आज उठेल. पहारा उठला की उद्या भंगारवाला येईल. म्हणून बावीस वर्षं ज्याला सगळं तोंडपाठ होतं तो मी, चहाच्या कपात तोंड घालून गप्प बसतो.

सासरेबुवा रोज सकाळी फिरायला म्हणून तिकडेच जातात. परवा परत आले ते अगदी खुशीत. बायकोनं विचारलं, काय झालं बाबा, जाऊ दिलं का आज बोटीवर?

"छे! पहारेकऱ्यानं हाकलून दिलं मला," पायातल्या चपला काढत ते म्हणाले. "चांगला मुलगा आहे. कोणालाच सोडत नाही."