विझवायचा न्हाई!

किसनअण्णांच्या ट्रकमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला की ते गाडी कडेला घेतात, चपला काढतात आणि डॅशबोर्डला हात जोडतात. "लागलेल्या दिव्याला हात जोडावा, मायनं शिकवलं," एवढंच त्यांचं म्हणणं. बाकीचे ड्रायव्हर त्या दिव्यावर चिकटपट्टी लावून मोकळे होतात.

हसनाबादला वीस वर्षं आमची भिंतीला भिंत. अण्णा एकटे. संध्याकाळचा चहा आमच्याकडे, आणि चहासोबत माझ्या मास्तरकीतल्या चुका. स्वतः चौथीत शाळा सोडलेली, पण सल्ला ठाम. "गुरुजी, पोरगं बिघडलं तर आधी त्याचं ऐकावं. इंजिनाचं बी बराबर तसंच."

मुलांच्या कॉलेजसाठी आम्ही जालन्याला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं, तेव्हा अण्णा आठवडाभर चहाला फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी उगवले ते फर्मान घेऊनच. "सामान माझ्या गाडीत जाईल. टेम्पो बिलकुल न्हाई!"

दोन कपाटं, चार खाटा, एक शिलाई मशीन. यासाठी दहाचाकी ट्रक! एरवी लोखंडी सळया वाहणाऱ्या त्या गाडीत आमचा अख्खा संसार एका कोपऱ्यात मावला. बायको-मुलं एसटीनं पुढे गेली, मी अण्णांशेजारी केबिनमध्ये बसलो.

अर्ध्या वाटेत दिवा लागला. चपला निघाल्या, हात जुळले, आणि आम्ही जवळच्या गॅरेजात शिरलो. मिस्त्रीनं स्कॅनर लावला आणि म्हणाला, "अण्णा, दोन मिनिटांत विझवून देतो."

"विझवून?" अण्णा कडाडले. "दिवा विझला म्हणत न्हाईत, शांत झाला म्हणतात. आन् आधी तो का लागला ते बघ!"

मिस्त्री कामाला लागला. सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली होती. ती जोडली, आणि दिवा आपसूक शांत झाला. अण्णांनी मिस्त्रीला दोन शब्द आणखी सुनावले आणि ऐटीत गाडी काढली.

जालन्याच्या कारखान्यांची धुराडी दिसू लागली. नवं घर दहा मिनिटांवर आलं होतं. तोच अण्णांनी गाडी एका चहाच्या टपरीशी घेतली.

"आता काय झालं?"

"दिवा लागून राह्यला, गुरुजी. थांबावं लागंल. घंटाभर तरी."

मी डॅशबोर्डकडे पाहिलं. एकही दिवा लागलेला नव्हता. अण्णा माझ्याकडे न बघता काचेतून समोर बघत होते. दिव्याच्या बाबतीत हा माणूस आजवर कधी खोटं बोलला नव्हता, आणि आज बोलला तेही इतकं कच्चं!

"लागलाय खरा," मी म्हणालो. "पण अण्णा, घंटाभरात भागेल असं वाटत नाही. दोन तरी लागतील."

अण्णांनी इंजिन बंद केलं. टपरीवाल्याला खिडकीतूनच दोन चहा सांगितले.

"वीस वर्षांत पहिल्यांदा," ते म्हणाले, "तुम्हाला इंजिनातलं काही कळलं, गुरुजी."