सागवानी निखाऱ्यांवरचा गक्कड-भरता

विस्तव पेटवणं ही कला आहे, आणि आमच्या अख्ख्या खमरिया वसाहतीत ती फक्त मला येते. हे लोक म्हणतात असं नाही, मीच म्हणतो, पण खोटं नाही! गॅसवाल्यांना वाटतं, लाकूड घेतलं, काडी लावली, झालं. अरे, खाली बारीक, कोरड्या ढलप्या लागतात. आणि ढलप्या कराव्यात त्या टाकाऊ लाकडाच्याच!

त्या रविवारी तर माझ्या कलेची परीक्षाच होती. आमच्या प्रणालीला शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातला अपूर्व पसंत, त्यालाही ती पसंत. फक्त त्याची आई, शरयूताई, 'बघू' म्हणून राहिल्या होत्या. पोरगी आठ दिवस धड जेवली नव्हती. मी मायलेकांना दुपारी गक्कड-भरता खायला बोलावलं. निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, वांग्याचं भरीत, वरून तूप! यापुढे कोण 'बघू' म्हणेल?

सकाळी अंगणात पाहतो तर भिंतीशी लाकडांचा ढीग. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस. माझा नियम एकच, ज्या मालाला चिठ्ठी नाही ते भंगार. ढिगाला चिठ्ठी नव्हती. घेतली कुऱ्हाड!

काय लाकूड होतं म्हणता! अस्सल साग, रंग खरवडलेला, त्यात चार घडीव पाय. लोक काय काय फेकून देतात, असं म्हणत मी तासाभरात सगळ्याचा फडशा पाडला आणि विस्तव पेटवला.

तेवढ्यात धनेश सुतार आला. त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग विस्तवाकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "बाबूजी, सोफा कहाँ है?"

झालं होतं असं, की माझ्या बायकोनं, विनतानं, पाहुण्यांसाठी सोफा दुरुस्तीला काढला होता. धनेशनं तो आदल्या दिवशी सुटा केला, आज जोडणार होता. मला सांगितलं नाही, कारण मी म्हणे मधे-मधे करतो. आणि बैठकीत सोफा नाही हे मला दिसलं नाही, कारण मी वांगी निवडून राहिलो होतो. गाद्या तेवढ्या आत होत्या म्हणून वाचल्या.

"काहून जाळला?" विनतानं विचारलं.

"चिठ्ठी नव्हती," मी म्हणालो.

प्रणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता त्या नाहीच म्हणतील, बाबा." तेव्हा मात्र मी कुऱ्हाड पाठीमागे लपवली.

आणि फाटकाशी गाडी थांबली. चलो, आता काय लपवायचं! विस्तवाभोवती सोफ्याच्या गाद्या टाकल्या आणि शरयूताईंना खरं ते सांगून टाकलं. त्या गादीवर बसल्या. थंडी होती, हळूहळू हात शेकू लागल्या. मग पदर खोचून चिमटा स्वतःच हातात घेतला. अपूर्वनं प्रणालीला तूप वाढलं, ती आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली, आणि ते शरयूताईंनी नीट पाहिलं. असं गोल बसून जेवणं आमच्याकडे राहिलंच नाही, असंही म्हणाल्या.

हात धुतल्यावर त्यांनी विनताचा हात धरला. "पोरगी आमची झाली."

मला तर आभाळ ठेंगणं! लगेच जाहीर केलं, साखरपुडा याच अंगणात, विस्तव मी पेटवतो.

"नको," शरयूताई शांतपणे म्हणाल्या. "साखरपुडा आमच्याकडे. आमचा झोपाळा सागवानी आहे. तुम्हाला त्याच्यावरच बसवते. कार्य संपेपर्यंत उठायचं नाही."

मी हो म्हटलं. मुलीचा बाप, दुसरं काय म्हणणार!