महाराजांची घोंगडी

एका जंगलात, बाळांनो, थंडी फार पडायची. आणि थंडी पडली की दयेलाही भरतं यायचं.

दरवर्षी सिंहमहाराज बेघरांना घोंगड्या वाटायचे. मंडप सजायचा. माकडं फोटो काढायची. घोंगडी अंगावर घेऊन हसायचं, असा नियमच होता. पुढं ती दवानं भिजून अंगापेक्षा जड व्हायची, ते वेगळं.

भिंगरी सशीण मात्र हसेना. तिचं पिल्लू सारखं खोकायचं. ती त्याच्या छातीला कान लावून बसायची.

"महाराज, घोंगडी नको, बीळ द्या," ती म्हणाली. "टेकडीखाली कितीतरी रिकामी पडलीत."

कारभारी कोल्हेभाऊ मध्येच बोलले, "अगं, खोकणाऱ्याला बीळ देत नाहीत. आधी पोराचा खोकला बरा कर."

"भाऊ, उघड्यावर निजतं म्हणून तर खोकतंय!"

"आता तू मला शिकव!"

तेवढ्यात महाराज भाषणाला उभे राहिले.

"माझ्या लाडक्या..." खों! पिल्लू खोकलं.

"प्रजाजनहो..." खों खों! आता बाकीचे बेघरही खोकू लागले.

महाराज वैतागले. "द्या रे त्या सगळ्यांना बिळं! निदान आत बसून खोकतील!"

मिळाली बिळं. कायमची. पिल्लाचा खोकला हळूहळू थांबला. भिंगरी कितीतरी दिवसांनी पाय पसरून झोपली.

पुढच्या थंडीत मंडप सजला. माकडं आली. बेघर कोणी येईना. कोल्हेभाऊ पळत भिंगरीच्या दारात गेले.

"चल गं, आजच्यापुरती बेघर हो. महाराज ताटकळलेत."

"आणि परत आत येऊ द्याल?"

"बघू की!"

भिंगरीनं झोपलेल्या पिल्लाकडे पाहिलं. मग बिळाच्या तोंडाला आतून धोंडा लावला. "महाराजांना माझा नमस्कार सांगा, भाऊ."

आता काय करणार? कोल्हेभाऊंनी स्वतःच अंगाला चिखल फासला आणि मंडपात जाऊन उभे राहिले. महाराजांनी ओळखलं नाही. बेघराच्या तोंडाकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी कोल्हेभाऊंच्या अंगावर घोंगडी घातली, डोळे पुसले. टाळ्या झाल्या.

कोल्हेभाऊ घरी आले, तर दारात पहारेकरी अस्वल.

"कुठं निघालात?"

"माझ्या बिळात."

"तुम्हाला कुठलं बीळ? महाराजांनी घोंगडी दिलीय ना? महाराज काय घर असलेल्याला देतील?"

कोल्हेभाऊ बाहेरच कुडकुडले. सकाळी पुन्हा दारात आले.

"अरे, बीळ दे माझं. खों!"

"खोकताय? मग आधी बरे व्हा," अस्वल म्हणालं. "नियम तुमचाच आहे, भाऊ."

तात्पर्य: बेघरांना घरं जरूर द्यावीत, पण सगळ्यांना देऊ नयेत. दया करायला एखादा शिल्लक ठेवावा. नाहीतर तो आपल्यातूनच काढावा लागतो.