नवं कोरं जुनं स्वयंपाकघर

"माझ्या पार्किंगमध्ये माशीसुद्धा विचारून बसते!" सोमनाथमामांनी भाचीला छातीठोकपणे सांगितलं. "तू बिनघोर जा आणि तुझ्या मॅडमना घेऊन ये. सेटची जबाबदारी माझी!"

ज्या माणसाने एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जन्मभर बॉयलर सांभाळला, त्याला एक प्लायवूडचं स्वयंपाकघर सांभाळणं काय अवघड? असं मामांना वाटत होतं. माणसाला काय, काहीही वाटतं!

भाची म्हणजे वेदिका, मामांच्या बहिणीची मुलगी. घर मनमाडला, वडील रेल्वेत. पदवीनंतर तिने रंगभूमी, सिनेमा आणि ग्राफिक डिझाइन असं तिन्ही एकत्र शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतला आणि नाशिकच्या जेलरोडला मामा-मामींच्या रो-हाऊसमध्ये मुक्काम ठोकला.

"पण पोरगी नेमकं शिकते काय?" शेजारचे रावजी विचारायचे. तेही एकलहऱ्याचेच निवृत्त.

"इंजिनीअरिंगसारखंच असतं ते," असं म्हणून मामा वेळ मारून न्यायचे. खरं सांगायचं तर त्यांनाही पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो शेवटच्या परीक्षेच्या वेळी. प्रत्येकाने एका नाटकासाठी पूर्ण मापाचा सेट उभा करायचा होता. कॉलेजचा हॉल रिकामा नव्हता, म्हणून वेदिकाने मामांचं पार्किंग मागितलं. मामांनी स्कूटर रस्त्यावर काढली आणि भाचीने तिथे मनमाडच्या एका जुन्या रेल्वे क्वार्टरमधलं स्वयंपाकघर बांधायला घेतलं. तीन भिंती, ओटा, खिडकी, फळ्या. रंग दिल्यावर ते असं झळकलं की शालनमामी कमरेवर हात ठेवून बघतच राहिल्या.

"अस्सा ओटा पाहिजे होता मला! लय भारी केलाय गं."

दुसऱ्या दिवशी वेदिकाने तो नासवायला सुरुवात केली.

मामांना आधी वाटलं, पोरीचं काहीतरी बिनसलंय. ती भिंतीवर चहाचं पाणी मारत होती. बिजागऱ्यांना मीठ आणि व्हिनेगर चोपडून गंज चढवत होती. दाराची कड पॉलिश पेपरने घासत होती, तीसुद्धा फक्त मधल्या भागात.

"इथंच का गं? वर का नाही?"

"दार लोटताना हात इथे लागतो ना, मामा. वर कुणाचा लागणार?"

मामा उठले, घरात गेले आणि स्वतःच्या घराचं दार बघून आले. खरंच की! इतकी वर्षं ते दार लोटत होते आणि कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवसापासून मामांना नाद लागला. खुर्ची टाकून ते दिवसभर पार्किंगमध्ये बसायचे आणि भाचीला प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. दिव्याची काजळी छताला कुठे धरते? नळाखालचा डाग हिरवट का असतो? वेदिकाने एका कधीच नसलेल्या मसाल्याच्या कंपनीची लेबलं स्वतः काढून, छापून, चहात बुडवून डब्यांवर चिकटवली, तेव्हा तर मामांनी तो मसाला पूर्वी आपल्या घरी यायचा, असंही सांगून टाकलं.

रावजींना हे पटत नव्हतं. "जुनं पाहिजे तर भंगारात जा म्हणावं! नवं आणायचं आणि त्याचा सत्यानास करायचा, याला काय पदवी देतात?"

"रावजी, भंगारातलं जुनं कुणाचंही असतं," मामा म्हणाले. "हे तिच्या नाटकातल्या माणसांचं जुनं आहे." बोलून झाल्यावर ते स्वतःच चकित झाले. हे वाक्य आपल्याला कुठून सुचलं, याचा त्यांनी संध्याकाळपर्यंत विचार केला.

शेवटी वेदिकाला सगळ्यावरून भुरभुरायला बारीक, करडी धूळ हवी होती. मामांचा चेहरा उजळला. धूळ? अहो, एकलहऱ्याच्या माणसाला धूळ मागता! ते जुन्या ओळखीच्या जोरावर कोळशाच्या राखेची पिशवीच घेऊन आले. जी राख जन्मभर अंगावरून झटकली, ती त्यांनी स्कूटरवर पुढ्यात घेऊन आणली, सांडू नये म्हणून सावकाश!

आता या राखेचं आणि शालनमामींचं वैर समजून घेतलं पाहिजे. मामी विंचूरच्या. लग्न होऊन एकलहऱ्याच्या वसाहतीत आल्या आणि पहिल्या दिवसापासून राखेशी झुंजल्या. खिडकीत राख, वाळत टाकलेल्या साड्यांवर राख, पापडांवर राख. वसाहतीतल्या बायका ओला फडका मारल्याशिवाय कुठे कप ठेवत नसत. मामा निवृत्त झाले, बिऱ्हाड जेलरोडला आलं, पण मामींचा फडका काही निवृत्त झाला नाही. तो कायम खांद्यावर असायचा.

"मामी, सेटला हात नका लावू हं," वेदिकाने बजावलं होतं.

"मी कशाला लावू? मला काय कळत नाय का!"

वेदिकाचा जीव टांगणीला लागला होता, तो उगाच नाही. हा सेट पास झाला तर पदवी. नाहीतर वर्ष वाया, आणि वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मग हे नाटकाबिटकाचं बंद, मनमाडला यायचं आणि रेल्वेच्या भरतीचा अभ्यास करायचा.

तर परीक्षेच्या दिवशी वेदिका आणि तिचे ललित सर मुंबईहून येणाऱ्या परीक्षक मॅडमना आणायला नाशिकरोड स्टेशनवर गेले. मामा राखणीला बसले. नीट लक्ष राहावं म्हणून खुर्ची थेट सेटमध्येच टाकली. सकाळचं कोवळं ऊन खिडकीतून आत आलं होतं. मामांनी पेपर उघडला. पाय लांब केले. कसं बरं वाटलं! आणि मग त्यांनी नेहमीसारखी हाक मारली.

"अगं, चहा टाक गं!"

मामींनी चहा आणला आणि ओट्यावर ठेवला. मामांनी पेपरचं पान उलटलं. कोपर लागलं. कप आडवा!

"मेलं एक काम धड नाही!" मामी म्हणाल्या, आणि त्यांचा हात खांद्यावर गेला. एकच फडका मारला. सपकन!

दोघंही जागच्या जागी थिजली. त्या मळकट, काळवंडलेल्या, कष्टाने नासवलेल्या ओट्याच्या मधोमध ताटाएवढा पांढराशुभ्र गोल उमटला होता.

"अगं, हे काय केलंस!"

"तुम्ही सांडला!"

"थांब, घाबरू नको," मामा म्हणाले. बॉयलरवाला माणूस, डोकं शांत ठेवण्याची सवय. "गोल दिसतोय म्हणून वाईट दिसतंय. कडा जरा पुसट कर."

मामींनी कडा पुसट केल्या. गोल परातीएवढा झाला. पुन्हा कडा पुसट केल्या, तेव्हा अर्धा ओटा उजळला. आता उरलेला अर्धा फारच घाण दिसायला लागला, म्हणून तोही पुसला. मग ओट्यामागची भिंत डोळ्यात खुपायला लागली! एव्हाना मामींच्या हाताने ताबा घेतला होता. फळ्या झाल्या, खिडकी झाली, डबे झाले. मसाल्याची लेबलं गळून बादलीत पडली.

"मदत करू का?" रावजी कुंपणावरून डोकावले आणि उत्तराची वाट न बघता नळी घेऊन आले.

सगळं संपलं तेव्हा तिघंही दमून मागे सरकली. स्वयंपाकघर असं लखलखत होतं की जणू दिवाळी उद्यावर आली असावी.

"झकास!" रावजी म्हणाले.

आणि मामांचा फोन वाजला. "मामा, स्टेशनवरून निघालो. पोचतोच!"

मामांनी फोन खिशात कोंबला. "शालन, जुनं कर! आत्ताच्या आत्ता परत जुनं कर!"

"असं लगेच जुनं होतं व्हय? मला व्हायला इतकी वर्षं लागली!"

राखेची पिशवी रिकामी झाली होती. शेवटी मामांनाच युक्ती सुचली. स्वयंपाकघर कशाने काळं होतं? फोडणीने! त्यांनी शेगडी पार्किंगमध्ये आणली, कढईत तेल ओतलं, मोहरी टाकली आणि परिणाम लवकर व्हावा म्हणून मूठभर लाल मिरच्या टाकल्या. भिंती जराही काळ्या झाल्या नाहीत. गल्ली मात्र खोकायला लागली! रावजी नळी टाकून पळाले. समोरच्या घराच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. आणि त्याच ठसक्यात रिक्षा येऊन फाटकाशी थांबली.

मॅडम उतरल्या त्या खोकतच. डोळ्यांतून पाणी, तोंडावर पदर.

"आधी पाणी घ्या, पाणी!" मामांनी त्यांना दम घेऊ न देता पुढच्या दाराने सरळ घरात नेलं, ते थेट आतल्या स्वयंपाकघरात. वेदिका आणि सर मागोमाग धावले.

मॅडम पाणी प्यायल्या. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि समोर बघितलं.

"वा!"

त्यांनी ओट्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "पोळपाट टेकून टेकून झिजलेली ही कड बघा, ललित! स्विचभोवतीचं हे काळं कडं! आणि शेगडीमागचा हा पिवळा डाग... केवढं आयुष्य आहे यात! रोज पुसून पुसूनही न गेलेला डाग असा दाखवणं फार अवघड असतं. कुणी केलंय हे?"

"मी," दारातून मामींचा बारीक आवाज आला.

मामांच्या डोक्यात लखकन उजेड पडला. आता कुणीच काही बोललं नाही तर पोरगी पास! त्यांनी वेदिकाकडे बघून जोरजोरात डोळे मिचकावले. वेदिकाने मामांकडे बघितलं, मामींच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"मॅडम, हा सेट नाही. हे मामींचं खरं स्वयंपाकघर आहे. माझा सेट बाहेर आहे."

सगळे बाहेर आले. वेदिकाने सेट बघितला. तिने मोबाईलमधले कालचे फोटो मॅडमपुढे धरले. मामांना त्या क्षणी बॉयलरमध्ये उडी घ्यावीशी वाटली.

मॅडमनी फोटो बघितले, मग झळकणारा ओटा, मग मामींच्या खांद्यावरचा फडका.

"ताई, हा सेट आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं की!"

"मग पुसलात का?"

"ह्यांनी चहा सांडला म्हणून."

"पण मुळात चहा इथे का ठेवला?"

मामींना हा प्रश्नच कळेना. "मग कुठं ठेवायचा? चहा ओट्यावरच ठेवतात ना, बाई!"

मॅडम मामांच्या खुर्चीत बसल्या आणि हसत सुटल्या. हसता हसता पुन्हा ठसका लागला. ललित सरांनी पाठीवर थोपटावं की नाही, या विचारात हात तसाच हवेत धरला.

"ललित, माझ्या सेटना लोकांनी टाळ्या दिल्यात, फोटो काढलेत," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण कुणी बाई येऊन फडका मारून गेली, असं कधीच झालं नाही. आपलं घर वाटल्याशिवाय हात जात नाही तो! मुलगी पास. फक्त वेदिका, पुढच्या वेळी राखणदार बदल."

वेदिका रडायला लागली ती मग. मामी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि मामा कढई उचलायच्या निमित्ताने घरामागे जाऊन डोळे पुसून आले. मिरच्यांमुळे, असं त्यांनी नंतर रावजींना सांगितलं.

पाहुणे गेले. "पास झाली गं! आपली पोरगी पास झाली!" मामा नाचायचेच बाकी होते.

"ती झाली," मामी म्हणाल्या. "मी नापास झाले! भरल्या घरात माझा ओटा जुन्यापान्याचा नमुना म्हणून दाखवला त्या बाईनं."

एवढं बोलून त्या बाहेर गेल्या आणि सेटमधल्या लखलखीत स्वयंपाकघरात खुर्ची टाकून, तोंड फिरवून बसल्या. बोलणं बंद. समजूत काढायची एकच वाट होती. मामांनी घासणी घेतली, साबणाचं पाणी घेतलं आणि खऱ्या ओट्याशी भिडले. स्विचभोवतीचं काळं कडं गेलं. नळ चमकला. शेगडीमागची भिंत मात्र दाद देईना. मामांनी खसाखसा घासलं, दम लागला, शेवटी तिथूनच ओरडले.

"अगं, तो पिवळा डाग काही निघत नाही गं!"

पार्किंगमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"राहू द्या तो," मग मामी म्हणाल्या. "मॅडमना आवडला होता."