ओटीवर बसलेलं इंजिन

मोटारीतून टकटक असा आवाज येतोय, तो कशाचा ते जरा उघडून बघावं, एवढंच पोशीरच्या भिवाजी ठोंबऱ्यानं ठरवलं होतं. नवरात्रातली अष्टमी, न्याहारी झालेली, पाऊस उघडलेला, हातात पाना. एवढं सगळं जुळून आल्यावर माणसानं काय नुसतं बसून राहायचं? (आनंदीबाईंचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, म्हणणं होतं की होय, नुसतं बसूनच राहायचं.)

ही गोष्ट सन एकतीस-बत्तीसच्या सुमाराची. त्या वेळी नेरळपासून कळंबापर्यंत शेतकऱ्याच्या दारात उभी असलेली मोटार एकच, आणि ती भिवाजीची. खालापूरच्या एका वकिलानं नवी मोटार घेतली, तेव्हा जुनी त्यानं भिवाजीच्या गळ्यात मारली होती. भिवाजी तसा भाताचा शेतकरी, पण यंत्राचं भारी वेड. गावच्या शाळेचं घड्याळ त्यानं दुरुस्त केलं, आणि तेव्हापासून मास्तर सावली बघून शाळा सोडत. तरीही भिवाजीचा स्वतःवरचा विश्वास तसूभर कमी झाला नव्हता.

मोटार नुसती मिरवायचीच असती, तर टकटकीनं कुणाचं काय बिघडत होतं? पण दसऱ्याला त्याची मैना लग्नानंतर पहिल्यांदाच सणाला माहेरी यायची होती. सासर शहापूरकडचं. लग्नाच्या बोलणीच्या वेळी भिवाजीनं मोटारीचं इतकं वर्णन केलं होतं की व्याह्यांकडच्या पोरासोरांना ती पाठ झाली होती. आणि नेमकी लग्नाच्या दिवशी ती खाचरात रुतून बसली! तेव्हापासून सासू मैनेला उठता-बसता विचारायची, "काय गं, तुज्या बापाची मोटार खरीच हाय, का नुसती सांगायपुरती?"

आता जावयाबरोबर खुद्द व्याही मालोजीराव येणार होते, ते मोटार डोळ्यांनी पाहायलाच. मैनेचा निरोप आला, "आबा, नेरळला मोटार घेऊनच या. न्हायतर मला तिकडं तोंड वर करायला जागा नाय." मैना म्हणजे भिवाजीचा जीव की प्राण. पोरीला आपल्यापायी खाली बघावं लागतंय, हे त्याला भाताच्या कुसळासारखं टोचत होतं. मोटार न्यायची तर ती वकिलाच्या घरून आल्यासारखी गुळगुळीत चालली पाहिजे, टकटक नको, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

बॉनेट उघडून तो बराच वेळ आत बघत राहिला. शेजारी त्याचा गडी धोंडी बैलांचा कासरा धरून उभा होता.

"धोंड्या, आवाज आतला हाय."

"मालक, राहू द्या की. टकटक करती, पण चालती तर हाय!"

"चालती म्हणून सोडायची? आन व्याह्यांच्या म्होरं बंद पडली म्हंजे?"

"मग आत म्हंजे किती आत?"

"पार आत. इंजिनच भायेर काढू. गिअरच्या पेटीसकट."

धोंडीनं एकदा मोटारीकडं आणि एकदा आनंदीबाईंकडं पाहिलं. आनंदीबाईंनी घरातली चांगली भांडी तेवढी उचलून आत नेली. (एक कल्हईची परात राहिली. पुढं त्या परातीत इंजिनाचं काळं तेल काढलं गेलं, आणि त्यावरून जे काही झालं ते इथं सांगण्यासारखं नाही.)

काढायचं काम मात्र झोकात झालं, हे कबूल केलं पाहिजे. रेडिएटरचं पाणी गोठ्यात गेलं. नळ्या निघाल्या, तारा निघाल्या, खालचा लांब दांडा निघाला. जो नट ज्या जागचा, तो त्याच जागेसमोर अंगणात मांडायचा, अशी भिवाजीनं युक्ती काढली. "हा हितला, हा तितला," असं पुटपुटत त्यानं अंगणभर रांगोळीच घातली म्हणा ना. मग तीन वासे वर एकत्र बांधून त्यांना कप्पी टांगली, दोराचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं राजा-हरण्या या बैलांच्या जुवाला.

"हळूच हाक रं!"

आता राजा आणि हरण्या ही नांगराची जोडी. एकदा ओढायला लागली की बांध आल्याशिवाय थांबायचं त्यांना ठाऊकच नाही. दोर ताणला, वासे करकरले, इंजिन हललं, आणि त्याच्याबरोबर मोटारीचं तोंडही वर उठायला लागलं.

"मालक, मोटार उबी राह्यली!"

"थांबव! आरं थांबव! एक बोल्ट राह्यलाय!"

मागच्या चाकांवर उभ्या राहिलेल्या मोटारीच्या पोटाखाली शिरून भिवाजीनं तो बोल्ट कसा काढला, हे त्यालाही नंतर आठवेना. पण निघाला. मोटार धाडकन खाली बसली, आणि इंजिन गिअरच्या पेटीसकट वर अधांतरी झोके खात राहिलं. सारी आळी बघायला जमली. भिवाजीनं घाम पुसला आणि आजूबाजूला असं पाहिलं, की जणू हे त्याचं रोजचंच काम.

तेवढ्यात माथेरानच्या अंगानं आभाळ भरून आलं. इंजिन भिजलं तर संपलंच! चौघांनी बल्ली घालून ते उचललं आणि ओटीवर आणलं. पण ओटीवर सोनुबाई आत्या बसली होती. ही भिवाजीची सख्खी आत्या. घरातले सगळे सणवार, विटाळ-चांडाळ, रीतभात तिच्या हुकमानं चालायची.

"हे काळं धूड हितं नाय यायचं," आत्या म्हणाली. "नवरात्र हाय."

"अगं आत्या, पाऊस येतोय!"

"मग गोठ्यात ठेव."

भिवाजीच्या खांद्यावर बल्ली, कमरेत कळ, आणि आभाळात गडगडाट. अशा वेळी माणसाला जे सुचतं ते सुचलं.

"आत्या, उद्या खंडेनवमी ना? आपण कोयता पुजतो, नांगराचा फाळ पुजतो. मग ह्ये काय हाय? हा फाळाचा बापच की! ह्याला गोठ्यात ठेवशील? पाप लागंल."

आत्यानं क्षणभर विचार केला. मग ती उठली, एक मोठा पाट आणून मांडला आणि म्हणाली, "ठेव." पाट मोडला. दुसरा, जाडजूड आला. त्यावर इंजिन बसलं. बायामाणसाला कसं गुंडाळावं ते आपल्याला बरोबर कळतं, अशा खुशीत भिवाजी त्या दिवशी चार घास जास्त जेवला.

नवमीला सकाळी तो नदीवर गेला. अंगाला तेलाचं काळं असं बसलं होतं की राखेनं घासून, काथ्यानं घासून, शेवटी वाळूनं घासून कुठं थोडा भिवाजी दिसायला लागला. परत आला तेव्हा ऊन वर आलं होतं. आता घटकाभरात टकटक शोधायची, इंजिन बसवायचं, की दसऱ्याला नेरळ! अशा विचारात तो ओटीची पायरी चढला आणि जागीच उभा राहिला.

इंजिन न्हालं होतं. त्याला हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. वर नारळ, पुढं केळीचं पान, बाजूला गिअरच्या पेटीला वेगळं कुंकू. आणि जिथं जिथं म्हणून भोक होतं, तिथं तिथं आत्यानं झेंडूचं फूल खोचलं होतं. पाने, हातोडी, कप्पी, दोर सगळं ओळीनं पुजलेलं. अंगणातला एकूण एक नट घासूनपुसून पाटासमोर आला होता, आणि त्या सगळ्यांचं मिळून एक सुरेख स्वस्तिक काढलं होतं.

भिवाजीच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आत्या! ह्ये काय केलंस?"

"तूच म्हनलास ना फाळाचा बाप? मग बापाची पूजा पोरावानी करायची व्हय?"

"बरं झालं, चांगलं केलंस. आता जरा सरक, मला ते बसवू दे."

"बसवू दे? पुजलेल्या हत्याराला उद्या सांजचं शिलंगण होईस्तवर हात लावतात? तुज्या बापानं कधी लावला?"

"अगं पण उद्या सकाळीच व्याही येणार! मोटार न्यायची हाय!"

"मग ने की मोटार. मोटारीला कोन आडवतंय? ह्याला हात लावायचा नाय."

आनंदीबाईंना त्यानं डोळ्यांनी खुणावलं. त्या म्हणाल्या, "माज्याकडं काय बघता? मी कालच बसून राहा म्हनलं व्हतं." मग तो कळंबाच्या लोहाराकडं धावला, निदान एखादा पाना तरी मिळावा म्हणून. लोहाराचा भाता, ऐरण, हातोडे सगळे फुलांत झाकलेले. "आज?" लोहार घाबरून म्हणाला. "अवो, आज मी खिळा सरळ करायचा नाय!" खरंच होतं. अख्ख्या तालुक्यात त्या दिवशी पान्याला हात लावील असा माणूस नव्हता. परत येऊन पाहतो तर आत्या पाटाजवळच तांदूळ निवडत बसलेली, आणि ती काही उठायचं नाव घेईना.

भिवाजी अंगणात रिकाम्या मोटारीपाशी बसला. त्याला खरंच रडू यायला लागलं. व्याह्यांचं हसू त्यानं सोसलं असतं हो; पण सासूच्या चुलीपाशी मान खाली घालून बसलेली मैना त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. टकटक काय वाईट होती? दहा वेळा टकटक करत गेली असती, पण गेली असती ना!

"मालक," धोंडी म्हणाला, "बैल पुजल्यात का आत्याबायनी?"

"नाय. का रं?"

धोंडीनं हनुवटीनं राजा-हरण्याकडं दाखवलं.

दसऱ्याला सकाळी पोशीरहून नेरळच्या वाटेनं जे निघालं ते लोकांनी काम सोडून पाहिलं. मोटारीला झेंडूच्या आणि भाताच्या लोंब्यांच्या माळा, बॉनेट व्यवस्थित लावलेलं, चाकामागं काळा कोट आणि नवं पागोटं घातलेला भिवाजी, आणि पुढं दोरानं जोडलेले राजा-हरण्या. स्टेशनजवळच्या चिंचेखाली भिवाजीनं बैल सोडायला लावले, म्हणजे व्याह्यांच्या नजरेला निदान पहिल्यांदा तरी नुसती मोटार पडावी.

गाडी आली. मालोजीराव उतरले, मोटारीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर टिचकी वाजवली. "हाय बरं का," ते म्हणाले. "खरीच हाय." मैनेचा चेहरा असा फुलला, की भिवाजीला तिथंच उतरून पळून जावंसं वाटलं. ती पुढं बापाशेजारी बसली, मागं व्याही आणि जावई.

"चला, व्याहीबुवा," मालोजीराव म्हणाले. "सोडा."

भिवाजीनं चाक घट्ट धरलं. काही झालं नाही. काही होणारच नव्हतं.

"आबा," मैना हळूच म्हणाली, "इंजिन लावा की."

"ओटीवर हाय," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला.

"काय ओटीवर हाय?"

"इंजिन. आत्यानं पुजलंय."

एवढ्यात धोंडी बैल घेऊन आला आणि निवांतपणे दोर बांधायला लागला. मालोजीरावांच्या मिशा थरथरल्या. "ह्ये काय वो? मोटारीला बैल?"

भिवाजीनं तोंड उघडायच्या आत मैना मागं वळली. गालात हसू दाबलेलं, आवाज मात्र अगदी गंभीर. "मामंजी, आमच्याकडं खंडेनवमीला इंजिन भायेर काढून पुजत्यात. शिलंगणाआधी त्याला राबवायचं नाय. सोनुबाय आत्याचा नेम लई कडक!"

यात खोटं एक अक्षर नव्हतं. भिवाजी लेकीकडं बघतच राहिला. अशी पोर आपल्या पोटी कशी आली, हे त्याला आनंदीबाईंचा चेहरा डोळ्यांपुढं आल्यावर कळलं.

"म्हंजे यंत्रालाबी इसावा?" मालोजीराव म्हणाले. ते स्वतः रीतीभातीचे माणूस. "वा! आमच्यात मोटारवाले पुष्कळ बघितले, पण देवाधर्माचा मोटारवाला ह्यो पहिलाच."

मोटार निघाली. आणि थोडं पुढं जाते न जाते तोच: टकटक. टकटक. टकटक.

भिवाजीच्या अंगाला घाम फुटला. इंजिन तिकडं पोशीरला पाटावर बसलेलं, आणि टकटक इथं!

"ही दाराची खिट्टी सैल हाय," मागून जावई म्हणाले, आणि त्यांनी ती बोटानं दाबून धरली. टकटक थांबली. (येताना दारं माळांनी करकचून बांधलेली होती, म्हणून आवाज नव्हता.) पुढं बैलांशेजारी चालणाऱ्या धोंडीनं मागं वळून पाहिलं नाही, पण त्याचे खांदे बराच वेळ हलत होते.

घरी ओटीवर चढल्याबरोबर मालोजीरावांनी पागोटं सारखं करून इंजिनाला नमस्कार केला. आत्यानं त्यांना प्रसादाचं खोबरं दिलं. शहापूरला परतल्यावर त्यांनी हे सारं बायकोला इतकं रंगवून सांगितलं, की सासूबाई आता शेजारणींना सांगायच्या, "मोटार काय, कुनाकडंबी असती. पन आमच्या सूनबायच्या माहेरची रीत बघा!" मैनेची मान जी वर झाली ती पुन्हा खाली गेली नाही. भिवाजीला आणखी काय हवं होतं?

शिलंगण झाल्यावर त्यानं इंजिन बसवायला घेतलं. घेतलं म्हणजे घेतलंच. दिवाळीत घेतलं, संक्रांतीला घेतलं, शिमग्यात तर जवळजवळ बसवलंच होतं. पण स्वस्तिकातला कुठला नट कुठल्या जागचा, हे काही केल्या जुळेना, आणि कुठल्याशा भोकात गेलेलं एक झेंडूचं फूल बाहेर येईना.

पुढच्या दसऱ्याला मालोजीराव दोन दिवस आधीच हजर झाले, सोबत मैना आणि चार सोयरे घेऊन. ओटीवर येऊन पाहतात तर इंजिन पाटावर, वर नारळ.

"अवो व्याहीबुवा," ते हिरमुसून म्हणाले, "यंदा इंजिन काढताना बघायचं म्हणून ह्या मंडळींना मुद्दाम आणलं, आन तुमी आधीच काढून बसलात?"

भिवाजीनं मैनेकडं पाहिलं. तिनं तोंडात पदर कोंबला होता. या वेळी तिच्याकडून काही मदत होण्यासारखी नव्हती.

"काय हाय," तो म्हणाला, "आयत्या वेळी धांदल नको, म्हणून आमी वरीसभर आधीच काढून ठेवतो."